मंजुळेचं सोंग

रामकिशन दारात येऊन उभा राहिला तेव्हा मंजुळा बाभळीची वाळकी फांदी पायाखाली धरून चुलीपुरते तुकडे मोडत होती. वाड्यावरचं माणूस आपल्या दारात, तेही भर दुपारी, हे बघून तिनं हातातलं काम थांबवलं. ग्यानबाला कुठं काही झालं की काय, हेच आधी मनात आलं.

"ते बैलं घेऊन मळ्यात गेलेत," ती पदर सावरत म्हणाली.

"मला ग्यानबाकडं काम नाही. तुमच्याकडंच आलोय, वैनी."

वैनी! वाड्याच्या तोंडून आजवर तिला 'ए' आणि 'अगं ग्यानबाची' याच्यापलीकडं काही ऐकायला मिळालं नव्हतं. हा रामकिशन म्हणजे तातेराव पाटलाचा पुतण्या. बाप लहानपणीच वारला, चुलत्यानं वाढवलं, नांदेडला शिकायला ठेवलं. तिथं तो चळवळीच्या पोरांत उठू-बसू लागला, खादी घालू लागला. पोराला आवरा, असा तालुक्याहून निरोप आला तसा तातेरावांनी त्याला गावी आणून ठेवला. शिरड शहापूरच्या पलीकडं, ओढ्याच्या वळणात वसलेलं ते गाव. तिथं त्या पोराला करमणार कसं? मग त्यानं खेळाचं काढलं. चंपाषष्ठीच्या जत्रेत तो खेळ करणार होता. देवादिकांचा नव्हे, राजाराणीचाही नव्हे, गरिबीचा खेळ.

मंजुळेनं पोतं अंथरलं. तो त्याच्यावर न बसता खाली सारवलेल्या भुईवरच बसला. चुलीकडं बघत म्हणाला, "गिरजीचं मला सांगा. काय झालं ते सगळं."

मंजुळेच्या हातातली काटकी हातातच राहिली. तिची धाकटी लेक गिरजी पोळ्याच्या दिवशी वारली होती आणि आता खळ्यावर जवारीच्या सुड्या रचून झाल्या होत्या. एवढ्या काळात तिला कुणी हे विचारलं नव्हतं. बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या, देवाची मर्जी म्हणाल्या, उठून गेल्या. ग्यानबानं तर लेकीचं नावच टाकलं होतं. आणि हा परका पोरगा भुईवर बसून विचारत होता.

ती सांगू लागली. आधी अडखळत, मग न थांबता.

श्रावण लागला आणि ग्यानबा हिवतापानं आडवा झाला. तो वाड्यावरचा सालगडी. काम थांबलं तसे वाड्यावरून मिळणारे सालाचे दाणे थांबले. गावात कुणाकडं मागावं तर सगळ्यांचीच जवारी सरकारनं लेवी म्हणून सक्तीनं उचलून नेलेली. मंजुळेनं रानातला तरोट्याचा पाला आणून उकडला. मीठ संपलं, मग नुसताच उकडला. थोरली पारू तोंड वाकडं करून का होईना गिळायची. गिरजी दीड वर्षाची, अंगावर पिणारी. दूध आटलं. ती चोखायची, काही येत नाही म्हणून चिडून चावायची. मग तिनं चावायचंही सोडलं.

"सालगड्याला पोळ्याचं जेवण असतंया वाड्यात," मंजुळा सांगत होती. "तेवढ्याच आशेनं गेले. पारूला बोटाला धरलं, गिरजी कडेवर. मागल्या दारी जाऊन उभी राहिले. आंगणात बैलं झुली घालून उभे. पाटलीनबाई त्यांला पोळ्या चारून राहिल्या होत्या. म्या म्हनलं, बाई, लेकरापुरत्या मूठभर कण्या तरी द्या. तर म्हनल्या, ग्यानबाच्या जागी बैल ज्यानं धरले त्यानं जेवण नेलं. आन आज अमुशा हाय. अमुशाला घरातला दाणा बाहेर घालत न्हाईत. उद्या ये."

"मग?"

"मग काय. उद्या गिरजी न्हवती."

रामकिशननं खाली मान घातली. खाली बघतच विचारलं, "जाताना काही बोलली?"

"तिला कुठं बोलता येत होतं! परत येताना वाटंत बैलाचे घुंगरू वाजले. तिकडं हात केला तिनं. असा." मंजुळेनं आपला हात अर्धवट उचलून दाखवला. "मग हात खाली आला, मान बी आली."

रामकिशन रडत होता. नाक लाल झालं होतं, पैरणीच्या बाहीनं तो डोळे पुसत होता. आपल्या लेकरासाठी कुणी असं रडतंय हे मंजुळा बघत राहिली. छातीवरचा दगड कुणीतरी जरासा हलवून ठेवावा तसं तिला झालं.

"हे गावापुढं आलं पाहिजे, वैनी," तो म्हणाला. "जसंच्या तसं. बघितल्याशिवाय लोकांना कळायचं नाही."

जाताना त्यानं दोन वस्तू मागितल्या. पोळ्याच्या दिवशी ती नेसली होती ते लुगडं आणि गिरजीचं एखादं कापड. लुगडं अंगावरच होतं. दुसरं होतं ते कमरेपासून पदरापर्यंत विरून जाळी झालेलं. ते नेसलं की वरून पोतं घ्यावं लागे. ती आत गेली, विरलेलं नेसली, अंगावरचं सोडून घडी केली. आढ्याला खोचलेलं अंगडं काढलं, नाकाशी धरलं. त्याला आता धुराचाच वास येत होता. दोन्ही वस्तू तिनं त्याच्या हातात दिल्या.

दिवस कलल्यावर ग्यानबा आला. ऐकलं तसा दारातच खाली बसला.

"पाटलीनबाईचं नाव घेतलंस तू?"

"घेतलं."

"पाडव्याला साल संपून राहिलंय मंजुळे. म्होरल्या सालाला ठेवतील का मला?"

"म्या काय खोटं सांगितलं का?"

"खऱ्याखोट्याचं कोण इचारतंय?" तो म्हणाला. ताप उतरला होता पण त्याच्या हाडांत राहिला होता. पाणी पिताना तांब्या दातांवर कडकड वाजायचा.

कापसाची वेचणी चालू होती. मंजुळा आणि शेजारची सखुबाई पाटलाच्याच रानात जायच्या. वाळल्या बोंडांची टोकं बोटांत घुसायची, नखांच्या कडा फाटायच्या, कापसाला रक्ताचा डाग लागला की मुकादम ओरडायचा. अंग झाकायला घेतलेलं मंजुळेच्या खांद्यावरचं पोतं वेचताना सारखं घसरायचं. ती ते वर ओढायची आणि पुन्हा वाकायची. पण आतून तिला एक बळ आलं होतं.

"सखू, जत्रेत पाटलीनबाई बसतील ना गं म्होरं?"

"बसतील की. त्यांचाच पोरगा खेळ करून राहिला. त्या न्हाई तर कोण बसंल?"

मंजुळेला दुसरं काही नको होतं. दाणे नकोत, कुणी पाया पडायला नको. पाटलीण शालूबाई पुढं बसावी आणि तिनं ते आपल्या कानांनी ऐकावं, सगळ्यांच्या देखत. वाड्याच्या मागल्या दारी दोघीच होत्या, तिसरी पारू. हे आता साऱ्या गावापुढं होणार होतं. कापूस वेचता वेचता ती मनाशी ते वाक्य म्हणून बघायची: उद्या ये. आणि पाटलीनबाईचं तोंड कसं होईल ते डोळ्यांपुढं आणायची.

चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळापुढं दोन बैलगाड्या जोडून त्यांच्यावर फळ्या टाकल्या होत्या. चळवळीमुळं धरपकडीचे दिवस आले होते. रात्री जमाव करायचा नाही असं नाक्यावरच्या जमादारानं बजावलं होतं, म्हणून खेळ दुपार कलताच सुरू झाला. डफडं वाजलं. माणसं रेवड्या चघळत येऊन बसली. पुढं जाजमावर तातेराव, त्यांच्या बाजूला बायकांत शालूबाई. नाकात मोठी नथ, अंगावर हिरवंगार लुगडं. मंजुळा मागं भिंतीशी बसली होती, खांद्यावर पोतं घेऊन. सखुबाईनं तिला ओढून मधोमध आणलं. पारू मांडीवर बसली.

गाड्यांवर रामकिशन आला. मंजुळेच्या लुगड्यात. बाप्या माणसाला लुगड्यात बघून पोरंटोरं आधी हसली. मंजुळेनं मात्र आपलं ठिगळ ओळखलं, कमरेवरचं, ग्यानबाच्या जुन्या पटक्याचं. इतक्या माणसांसमोर आपलं ठिगळ बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग रामकिशन बोलू लागला आणि हसू थांबलं. त्यानं तिचं सगळं उचललं होतं. पदराच्या टोकानं ओठ पुसायची सवय, उठताना गुडघ्यावर हात देणं. त्यानं चूल फुंकली, तरोटा उकडला आणि म्हणाला, "मीठ न्हाई गं, पारू. डोळे झाक आन गीळ." पारू मांडीवर चमकली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मंजुळेला वाटलं, सारी जत्रा आपल्या झोपडीत येऊन बसली आहे आणि आपण आता एकटे नाही.

मग पोळा आला. झुलीखाली दोन पोरं बैल होऊन उभी राहिली. घुंगरू वाजले. कडेवर चिंध्यांची बाहुली, बाहुलीच्या अंगात गिरजीचं अंगडं. रामकिशन फळ्यांच्या टोकाला, म्हणजे मागल्या दारी, येऊन उभा राहिला. समोर पाटलीण. सोनाराचा गोरटेला पोरगा नथ घालून पाटलीण झाला होता.

"बाई, लेकरापुरत्या मूठभर कण्या द्या."

मंजुळेनं मान उंच करून शालूबाईच्या पाठीकडं बघितलं. आता. आता येणार.

पाटलीण झालेल्या पोरानं छातीवर हात मारला. "अगं माझे बाई! आधी काहून न्हाई आलीस? अमुशा असो का काही असो, आत्ता जवारीचं पेव उघडायला लावते. लेकराला सांभाळ गं, मी आले!" आणि तो पळत आत गेला.

मंजुळेला काही उमगलं नाही. आपल्या ऐकण्यात चूक झाली असं वाटून तिनं सखुबाईकडं बघितलं. सखुबाई समोर बघत होती.

डफडं दबक्या तालात वाजू लागलं. कडेवरच्या बाहुलीचा हात रामकिशननं अर्धवट उचलला, घुंगरांकडं केला. हात खाली पडला, मान पडली. तेवढ्यात पाटलीण पळत आली, पदर सुटलेला, हातात जवारीनं भरलेलं सूप. बघितलं आणि सूप हातातून सुटलं. खरीखुरी जवारी होती. फळ्यांवरून घरंगळत ती खाली मातीत पडू लागली. पाटलीण बाहुलीवर कोसळली. "तान्हे, मला उशीर झाला गं! दोन पावलं आधी आले असते तर!"

सगळी जत्रा रडत होती. बाप्ये पटक्याच्या शेवटानं डोळे टिपत होते. शालूबाई मोठ्यानं हुंदके देत होती, दोन्हीकडच्या बायका तिला धरून समजावत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "किती पळाली असंल माउली! नशिबातच न्हवतं लेकराच्या."

"असं न्हवतं झालं," मंजुळा म्हणाली.

"गप," सखुबाई कुजबुजली. "लोक बघून राहिले."

"सखू, तुला तर ठावं हाय."

सखुबाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ठावं हाय गं. पर रडू येऊन राहिलं, त्याला काय करू?"

मंजुळेनं पारूला खाली ठेवलं आणि ती उठली. खांद्यावरचं पोतं तिथंच गळून पडलं. माणसांच्या मधून, पायांवर पाय देत ती पुढं निघाली. गाडीच्या चाकावर पाय ठेवून फळ्यांवर चढली. रामकिशन गुडघ्यांवर बसला होता. तिनं त्याच्या हातातून बाहुली हिसकली, छातीशी धरली आणि जत्रेकडं तोंड केलं.

"आल्या न्हवत्या ह्या!" ती ओरडली. "बैलाला पोळ्या चारून राहिल्या होत्या! उद्या ये म्हनल्या मला!"

पण शब्द फुटून बाहेर पडत होते. आणि ती वर चढताना दिसली तेव्हाच कुणीतरी ओरडलं होतं, "खरी आई! खरी आई आली रे!" एकच कल्लोळ उठला. बायका ऊर बडवू लागल्या. खेळाचा शेवट असाच बसवलाय असं समजून डफडेवाल्यानं डफडं जोरात घातलं. मंजुळा आणखी ओरडली. जसजशी ती ओरडत गेली तसतशी माणसं जास्त रडत गेली. तिचं बोलणं फक्त रामकिशनला ऐकू आलं. त्यानं एक क्षण तिच्याकडं वर बघितलं. मग तो पुढं वाकला, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि त्यांच्यावर डोकं टेकवलं. जत्रेनं खंडोबाचा येळकोट केला.

गाड्यांच्या मागं, बैल बांधले होते तिथं, तिनं त्याला गाठलं. तो अजून लुगड्यातच होता.

"जसंच्या तसं म्हनला होतात तुमी."

"वैनी, ऐकून घ्या." त्याला नीट बघवत नव्हतं तिच्याकडं. "गाड्या काकांच्या, जमादाराची परवानगी काकांनी आणली. काकूंना तसं दाखवलं असतं तर खेळ उभाच राहिला नसता. एवढीशी गोष्ट बदलली. बाकी सगळं तुमचंच आहे. आणि लोक रडले की नाही? गरिबी काय असते ते त्यांना कळलं की नाही?"

"कोणाला कळली?"

"लोकांना."

"लोक म्हंजे कोण? आमीच की."

मंजुळेनं बाहुलीच्या अंगातलं अंगडं काढायला घेतलं तसा त्यानं हात मधे घातला. "असू द्या, वैनी. बाळापूरचे लोक आले होते. तिथंही खेळ करायचा म्हणतात. तिथं लागेल."

तेवढ्यात वाड्यावरून बोलावणं आलं. पुढल्या ओसरीवर शालूबाई बसली होती, रडून सुजलेल्या डोळ्यांनी, भोवती दहा बायका. मागलं दार नव्हे, पुढली ओसरी. "ये गं बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात काही लबाडी नव्हती; मंजुळेनं ती शोधली पण सापडली नाही. "पदर पसर." मंजुळेनं पदर पसरला. शालूबाईनं सूपभर जवारी ओतली. विरल्या कापडाच्या जाळीतून दाणे गळायला लागले, ओसरीवर टपटप पडायला लागले. बायका च्-च् करू लागल्या. पोतं तर जत्रेत राहिलं होतं. तिला खाली बसून, एका हातानं उघडं अंग झाकत दुसऱ्या हातानं दाणे वेचावे लागले. पारूही वेचू लागली. वेचता वेचता ती कच्चे दाणेच तोंडात टाकत होती.

"आमच्या बाईंचं काळीजच तसं," कुणीतरी म्हणालं. "तवा बी पळत सुटल्या होत्या म्हनं."

शालूबाईनं डोळे पुसले. नाही म्हणाली नाही. तिच्याकडं बघून मंजुळेला कळून चुकलं की तिला आता तसंच आठवत होतं.

जवारी दळली, भाकरी झाल्या. मंजुळेनं पहिला घास मोडला तेव्हा तो घशाखाली जाऊ नये असं तिला वाटलं. पण तो गेला. दुसराही गेला. पोट अधाशासारखं सगळं घेत होतं, तिला न विचारता.

पुढं गावात तीच गोष्ट झाली. पाणवठ्यावर, रानात, वेचणीला आलेल्या परगावच्या बायकांपुढं गिरजीचं मरण त्या खेळासारखं सांगितलं जाऊ लागलं. मंजुळा आधी आधी म्हणायची, असं न्हवतं. मग बायका तिच्याकडं कीव करून बघायच्या. दुःखानं भ्रमिष्ट झालीय, असं एकमेकींना डोळ्यांनी सांगायच्या.

एक दिवस तातेरावांनी ग्यानबाला बैठकीत बोलावलं. घरी येऊन तो चुलीपाशी बसला. तो आपणच बोलला.

"बाळापुरात खेळ हाय. मालक म्हनले, तुझी बायको तिथं बी तशीच वर गेली पाहिजे. तिच्याबिगर खेळाला रंग न्हाई. ती गेली तर तुझं म्होरलं साल पक्कं."

"आन न गेली तर?"

"ते न्हाई बोलले काही. पान खाऊन राहिले."

"म्या न्हाई जायची."

"तू बोलायचं काहीच न्हाई. नुसतं वर चढायचं आन बाहुली घ्यायची."

"ती बाहुली न्हाई," मंजुळा म्हणाली.

तिला वाटलं तो हात उगारेल. उगारला असता तर तिला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ग्यानबानं हात गुडघ्यांभोवती घेतले. त्याच्या पिंढऱ्यांची कातडी लोंबत होती. "मोट हाकली की माझ्या डोळ्यांम्होरं अंधार येतो," तो हळू म्हणाला. "दोन दांडं पाणी दिलं की बसावं लागतं. मालकाला ठावं हाय. दुसरा कोण ठेवणार मला? तूच सांग. तू म्हनशील तसं करू."

असं तो आजवर कधी बोलला नव्हता. कोपऱ्यात पारू जात्याच्या कडेच्या पाळूतलं उरलंसुरलं पीठ बोटानं काढून चाटत होती. तिचे केस तांबडे पडले होते, पोट पुढं आलं होतं. गिरजीचंही आधी असंच पोट पुढं आलं होतं.

मंजुळेनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ते विझेपर्यंत बघत राहिली.

बाळापूरला जायच्या दिवशी तिनं काळ्या मातीनं डोकं धुतलं आणि ती तिघं खेळवाल्यांच्या गाडीत बसली. शालूबाईनं तिच्यासाठी धडकं लुगडं पाठवलं होतं. रामकिशननं ते बघितलं आणि अवघडून म्हणाला, "वैनी, खेळापुरतं ते जुनंच नेसाल का? हे बरं दिसणार नाही." तिनं गाडीच्या आडोशाला जाऊन विरलेलं नेसलं.

आखाडा बाळापूरचा बाजार होता. माणूस मावत नव्हता. खेळ त्याच क्रमानं झाला. मंजुळा गाडीच्या मागं उभी राहून ऐकत होती. मीठ न्हाई गं, पारू. घुंगरू वाजले. मूठभर कण्या द्या. मग पाटलीण पळत आली, सूप सांडलं, आणि रामकिशननं मान वळवून खुणावलं, "आता."

ती चढली. पाय आपोआप चालले. बाहुली घेतली, छातीशी धरली. बोलायचं नव्हतं, ती बोलली नाही. समोर माणसं रडत होती, अनोळखी, हजारानं. अंगड्याला आता रामकिशनच्या घामाचा वास येत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कुणासाठी आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. वेळ झाली म्हणून आल्यासारखं ते आलं. रामकिशननं पाय धरले. डफडं वाजलं.

खेळ झाल्यावर देवळाच्या आवारात पंगत बसली. भाकरी, वांग्याचं कालवण, वर गुळाचा खडा. ग्यानबा समोरच्या रांगेत बसून खाली मान घालून जेवत होता. पारू मंजुळेला खेटून बसली होती. दोन्ही हातांत भाकरी, तोंड भरलेलं. बाळापूरच्या दोनचार बायका बिचकत जवळ आल्या. त्यांतली एक म्हातारी मंजुळेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, खरंच असं झालं होतं का गं?"

मंजुळेनं तोंड उघडायच्या आत पारू बोलली.

"व्हय. पाटलीनकाकू पळत आली होती. सुपात जवारी घेऊन. म्या बघितली."

मंजुळेनं वळून बघितलं. त्या दिवशी मागल्या दारी पारू तिचं बोट धरून उभी होती. सारं ऐकत होती, वाटेनं येताना विचारत होती, आई, उद्या म्हंजे कधी? आता तिचे डोळे स्वच्छ होते. ती खोटं बोलत नव्हती.

"व्हय का बाई?" म्हातारीनं मंजुळेला विचारलं.

समोर ग्यानबाचा जबडा चालायचा थांबला. त्यानं मान वर केली नाही, पण हात ताटातच राहिला. मंजुळेनं तोंडातला घास गिळला. तो गिळायला वेळ लागला.

"व्हय," ती म्हणाली. "पळतच आल्या होत्या."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला आणि वाढणाऱ्याला हाक मारून मंजुळेच्या ताटात आणखी एक भाकरी घालायला लावली. ग्यानबानं पुढचा घास मोडला.